वीकेंड दोन्ही टोकांना गळतो, आधी ती टोकं बांधा

आधी एक साधा हिशोब करू. शुक्रवारी संध्याकाळी सहाला काम सुटलं आणि सोमवारी सकाळी नऊला परत सुरू झालं तर मधे ६३ तास असतात. तीन रात्रींची आठ-आठ तास झोप वजा करा, उरतात ३९. म्हणजे आपण आठवडाभर ऑफिसला जेवढे तास देतो जवळपास तेवढेच तास जागेपणी आपले स्वतःचे असतात, आणि तरी रविवारी रात्री प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, "कसा गेला कळलंच नाही".

मी बरीच वर्षं हेच म्हणायचो. मला वाटायचं की वीकेंडला काहीतरी भारी करायला पाहिजे, ट्रिप वगैरे, म्हणजे तो लक्षात राहील. मग एकदा चिडून तीन-चार वीकेंड कागदावर लिहून काढले, कुठल्या तासाला काय केलं ते, आणि एक गोष्ट सरळ दिसली. शनिवार दुपार ते रविवार दुपार माझा वेळ बऱ्यापैकी मजेत जात होता. वाट लागत होती ती दोन टोकांची. शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ डोक्यात ऑफिस घेऊन, आणि रविवारचे चार वाजले की सोमवारची धास्ती. तेव्हापासून मी मधल्या भागाचं फार प्लॅनिंग करत नाही, टोकं बांधतो. खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय.

पायरी १: वीकेंड शुक्रवारी दुपारी तीनला सुरू होतो

सहाला नाही, तीनला. कारण सहाला तुम्ही दमलेले असता आणि लॅपटॉप नुसता मिटता, अर्धवट कामं तशीच डोक्यात घेऊन उठता. तीनला एक कागद घ्या (कागदच, अ‍ॅप नको, अ‍ॅप उघडलं की त्यात अजून चार गोष्टी दिसतात) आणि त्यावर अर्धी राहिलेली सगळी कामं उतरवा. आता खरी गंमत पुढे आहे. नुसती नावं लिहून भागत नाही, प्रत्येकापुढे लिहायचं की सोमवारी यातलं पहिलं पाऊल काय आणि साधारण किती वाजता. "रिपोर्ट" असं लिहू नका. "सोमवारी साडेनऊला रिपोर्टचं तिसरं कोष्टक उघडून आकडे जुळवणे" असं लिहा.

हे नुसतं माझं खूळ नाही. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये यावर काम केलंय. अर्धवट राहिलेलं काम दुसरं काहीतरी करताना मधेमधे डोकं वर काढतं हे त्यांना दिसलं, पण त्याच लोकांना त्या कामाचा नेमका प्लॅन करू दिला तर हा त्रास कमी झाला, काम पूर्ण न होतासुद्धा. म्हणजे काम संपलंच पाहिजे असा डोक्याचा हट्ट नसतो, त्याला फक्त खात्री हवी असते की हे कधी होणार ते कुठेतरी लिहिलेलं आहे.

कागद घडी घालून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाका. घरी आणू नका! मी पहिल्यांदा घरी आणला होता, फ्रिजवर लावला, आणि दोन दिवस पाणी प्यायला गेलं की तोच दिसायचा. घरूनच काम करत असाल तर लॅपटॉपच्या बॅगेत आणि बॅग कपाटात.

तीन ते सहामध्ये अजून दोन छोटी कामं. ज्यांचं तुमच्याकडे काही अडलंय त्यांना एक ओळ पाठवून द्या, "हे सोमवारी दुपारपर्यंत देतो". शनिवारी सकाळी येणारे निम्मे मेसेज या एका ओळीने थांबतात. आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर सुचलेली ईमेल लगेच पाठवू नका, शेड्युल करून सोमवार सकाळ नऊ टाका. समोरच्याचा पण वीकेंड असतो राव.

पायरी २: फोन

फोन पूर्ण बंद करा, लांब ठेवा वगैरे सल्ले देणारे बहुतेक एकटे राहत असावेत. आईवडिलांचा फोन येतो, मुलांच्या मित्रांच्या घरून फोन येतो, फोन लागतोच. आपल्याला फोनमधलं फक्त ऑफिस बंद करायचंय.

कंपनीने अँड्रॉइड फोनवर वर्क प्रोफाइल (ऑफिसच्या गोष्टींचा वेगळा कप्पा) टाकून दिली असेल तर काम सोपं, एका बटणावर सगळी कामाची अ‍ॅप्स झोपतात. आयफोनवर फोकस म्हणून सोय आहे, त्यात कोणाचे फोन आणि कुठल्या अ‍ॅपचे नोटिफिकेशन येऊ द्यायचे ते ठरवता येतं आणि शुक्रवारी ठराविक वेळेला ते आपोआप चालू होईल असंही लावता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे ऑफिसचे ग्रुप नुसते म्यूट करू नका, म्यूट केलेला ग्रुप वर येऊन बसतोच आणि त्याचा आकडा वाढताना दिसतो. अर्काइव्ह करा. अर्काइव्ह केलेला ग्रुप आत राहतो, आणि कोणी तुम्हाला नावाने टॅग केलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तरच आवाज देतो.

आणि खरंच काही पेटलं तर? त्यासाठी टीममध्ये स्पष्ट सांगून ठेवा, "अर्जंट असेल तर कॉल करा, मेसेज मी बघत नाहीये". माझा अनुभव असा की मेसेज टाकायला माणूस दोन सेकंद विचार करत नाही पण कॉल करायला दहा वेळा करतो, आणि त्या दहा वेळांत आठ वेळा त्याचं त्यालाच उत्तर सापडतं.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काचा कायदा आहे आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ मध्ये तसाच आला. पण अमुक देशात कायदा आहे असं सांगून आपला बॉस थांबणार नाही, त्यामुळे वरचे उपाय.

एक चूक सांगतो, ही मी केलेली आहे. शनिवारी सकाळी दहाला "फक्त एक फाइल पाठवतो, पाच मिनिटं" म्हणून लॅपटॉप उघडला. फाइल पाठवली, तेवढ्यात खाली अजून एक मेल दिसली, त्याला उत्तर दिलं, त्याला लगेच उत्तर आलं कारण तोही माझ्यासारखाच बसलेला, आणि मान वर केली तेव्हा अडीच वाजले होते. वाईट काय तर ते काम कोणी मागितलंच नव्हतं. आता नियम एकच आहे, उघडायचाच असेल तर आधी घरातल्या कोणालातरी मोठ्याने सांगायचं की मी अमुक कामासाठी लॅपटॉप उघडतोय आणि अकराला बंद करणार. सांगताना इतकं ओशाळायला होतं की बऱ्याचदा उघडलाच जात नाही.

पायरी ३: शनिवारी किती वाजता उठायचं

इथे लोक माझ्यावर चिडतात. दहापर्यंत लोळण्यात सुख आहे हे मला मान्य आहे पण त्याचं बिल सोमवारी येतं. झोपेचे संशोधक टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला नाव दिलं, सोशल जेटलॅग. मोजायची पद्धत सोपी आहे, झोपेचा मध्य काढायचा. एरवी तुम्ही रात्री अकरा ते सकाळी साडेसहा झोपता, मध्य पावणेतीन. वीकेंडला रात्री दोन ते सकाळी दहा झोपलात, मध्य सहा. फरक सव्वातीन तास. म्हणजे शरीराच्या दृष्टीने तुम्ही शुक्रवारी रात्री तीन टाइमझोन लांबच्या देशात गेलात आणि रविवारी रात्री परत आलात, फक्त फिरायला काहीच मिळालं नाही.

म्हणून एरवीपेक्षा तासभर उशिरा, फार तर. आणि झोप राहिलीच असेल तर दुपारी झोपा, त्याच्यासारखं सुख नाही. वीसेक मिनिटांचा अलार्म लावून पडा. तासभर झोपलं की गाढ झोपेतून मधेच उठावं लागतं आणि मग संध्याकाळपर्यंत डोकं जड. शनिवारची दुपारची झोप माझ्या मते या अख्ख्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे पण तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पंखा लावा आणि पडा.

पायरी ४: घरकामाला ठरलेले तास द्या, अख्खा दिवस नको

कपडे, किराणा, बिलं, पसारा, गळका नळ. हे सगळं वीकेंडलाच होणार, दुसरा दिवस नाही. पण ते दोन दिवसांवर पसरलं तर दोन्ही दिवस घरकामाचे होतात. पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश लेखकाने १९५५ मध्ये गमतीत लिहून ठेवलंय की जेवढा वेळ द्याल तेवढं काम पसरतं, आणि घरकामाइतकं हे कुठे खरं नसेल. त्यामुळे शनिवारी सकाळचे अडीच-तीन तास, घरात जे जे आहेत ते सगळे एकाच वेळी, आणि वेळ संपली की राहिलेलं पुढच्या शनिवारी. क्रम पण ठरवून घ्या, मशीन आधी लावायचं कारण ते आपलं आपण चालतं, मग बाहेरची कामं, परत आल्यावर कपडे वाळत घालायचे.

"सगळे एकाच वेळी" हे मी मुद्दाम लिहिलंय. मी माझी ही सगळी सिस्टीम मोठ्या उत्साहाने बायकोला समजावून सांगितली तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझा वीकेंड छानच झाला, माझा कुठाय?" तीही नोकरी करते, आणि शनिवार-रविवार सगळे घरी म्हणजे तिला एरवीपेक्षा जास्त काम. मी जो निवांतपणा एन्जॉय करत होतो तो तिच्या वेळातून आलेला होता, हे मला दिसलंच नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे एक तह आहे. शनिवार दुपार तिची, रविवार सकाळ माझी. ज्याची पाळी आहे त्याला घरातलं काहीही विचारायचं नाही, अमुक कुठे ठेवलंय हे पण नाही. मुलं, स्वयंपाक, दारावरची बेल, सगळं दुसऱ्याकडे. पहिल्या दोन शनिवारी ती दर वीस मिनिटांनी बाहेर येऊन बघत होती सगळं ठीक चाललंय का, तिसऱ्या शनिवारी दार लावून घेतलं आणि चार तास आली नाही.

तुमच्या घरात दिवसभर घर सांभाळणारं कोणी असेल तर हे आधी करा, बाकीच्या पायऱ्या नंतर. आणि एकटे राहत असाल तर हा परिच्छेद वाचून खूश व्हा.

पायरी ५: टाइमटेबल करू नका

मजेच्या गोष्टींना घड्याळ लावलं की त्याही कामच होऊन बसतात. टोनिएटो आणि माल्कॉक या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये याच्यावर बरेच प्रयोग छापले. त्यातल्या एकात परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांना फुकट कॉफीचा ब्रेक दिला. काहींना नेमकी वेळ ठरवायला लावली, काहींना सांगितलं या दोन तासांत कधीही या. कॉफी तीच, पण नेमकी वेळ ठरवलेल्यांना मजा कमी आली. म्हणून मी "शनिवारी संध्याकाळी कधीतरी" एवढंच ठरवतो. साडेपाच ते सहा वाचन, सहा ते सात वॉक असं लिहून ठेवलं तर ते अजून एक ऑफिसच. मित्रांना भेटायचं तर वेळ ठरवावीच लागते, ती एक ठरवा, तिच्या मागेपुढे मोकळं सोडा.

दोन दिवसांत किती गोष्टी? माझ्या हिशोबाने तीन पुरे. एक बाहेरची, एक माणसांची, एक हाताची.

बाहेरची म्हणजे झाडं, पाणी, माती, आकाश असं काहीतरी जिथे आहे तिथे जाणं. इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांच्या माहितीवर २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता, आठवड्यात निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. एकदम दोन तास की चार वेळा अर्धा तास याने फरक पडत नव्हता. आता निरोगी माणसंच जास्त बाहेर पडतात असंही असू शकतं, पण दोन तास हा आकडा धरायला बरा आहे. हेडफोन घरी ठेवून जा. पावलं मोजू नका, तेवढा एक दिवस तरी.

माणसांची म्हणजे एक-दोनच माणसं, दहा नाही. हे सगळ्यांना माहीतच आहे.

हाताची गोष्ट मात्र जरा सांगतो. आठवडाभर आपण स्क्रीनवर जे करतो ते हाताला लागत नाही. सबीने सॉनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये कामाचा शीण कशाने जातो याचे चार भाग मांडले, डोक्यातून काम जाणं, शरीर सैलावणं, वेळ आपल्या हातात असणं, आणि चौथा म्हणजे काहीतरी जमवल्याचा, शिकल्याचा आनंद. आपण पहिल्या तीनच्या मागे असतो आणि चौथा विसरतो. नुसतं लोळून रविवारी रात्री जो एक विचित्र रिकामेपणा येतो तो मला वाटतं त्याच्यामुळे.

माझं हाताचं काम म्हणजे फाउंटन पेन धुणं. हसू नका. एक वाटी कोमट पाणी घ्यायचं (गरम नको, प्लास्टिक वाकडं होतं), पेनचा पुढचा भाग उघडायचा, आणि निब पाण्यात ठेवून नुसतं बघायचं. शाई लगेच पसरत नाही. आधी निबेच्या फटीतून एक बारीक निळा धागा खाली उतरतो, तळाला जाऊन वळतो, आणि मग तिथे एक ढग साचायला लागतो. धागा थांबला की कन्व्हर्टरने (पेनमधली शाई ओढून घेणारी छोटी नळी) पाणी ओढायचं, सोडायचं, ओढायचं, सोडायचं. वाटी निळी झाली की पाणी बदला. तिसऱ्या-चौथ्या वाटीला वाटतं झालं, आणि तेवढ्यात फीडच्या (निबेखालचा शाई पोचवणारा तुकडा) खाचेतून अजून एक फिकट ढग बाहेर येतो. पाणी स्वच्छ यायला लागलं की टिश्यूवर निब खाली करून ग्लासात उभं ठेवायचं रात्रभर, टिश्यू उरलेलं पाणी ओढून घेतो. अर्धा-पाऊण तास जातो. त्या वेळात मी एकदाही ऑफिसचा विचार केलेला नसतो, ठरवून नाही, सुचतच नाही.

तुमचं वेगळं असेल. सायकलची चेन पुसून तेल घालणं, कुंडीतली माती मोकळी करणं, सदऱ्याचं तुटलेलं बटण लावणं. अट एवढीच की ते एका बैठकीत संपलं पाहिजे आणि संपल्यावर डोळ्याला दिसलं पाहिजे. अख्खी खोली रंगवायला घेऊ नका.

पायरी ६: काहीही न करण्याचे दोन तास

हे जमायला सगळ्यात अवघड. रविवारी सकाळी, माझी पाळी असते तेव्हा, मी खिडकीशी बसतो. पहिली दहा मिनिटं हात आपोआप खिशाकडे जातो. पंधराव्या मिनिटाला आठवतं की कोणाचा तरी वाढदिवस होता. वीस मिनिटांनी कंटाळा येतो, चांगला कडक कंटाळा, आणि बहुतेक लोक इथेच उठतात. पाच मिनिटं अजून बसा. नंतर काय होतं ते मला नीट सांगता येत नाही, पण समोरच्या दोरीवरची चादर वाऱ्याने फुगतेय आणि परत पडतेय हे बघण्यात मी एकदा चाळीस मिनिटं घालवली आहेत आणि ती मला अजून आठवतात. त्या आठवड्यातल्या मीटिंग एकही आठवत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता. काही नोकरदारांना शुक्रवारी सांगितलं की हा वीकेंड सुट्टीवर गेल्यासारखा घालवा, बाकीच्यांना सांगितलं नेहमीसारखा घालवा. पहिले लोक सोमवारी जास्त खूश होते. त्यांनी घरकाम थोडं कमी केलं होतं हे खरं, पण मुख्य फरक असा निघाला की जे चाललंय त्यात त्यांचं लक्ष जास्त होतं. घर तेच, रस्ता तोच, फक्त "मी सुट्टीवर आहे" हे डोक्यात.

पायरी ७: रविवारचे चार

आता दुसरं टोक. रविवारी चारच्या सुमारास पोटात जो खड्डा पडतो त्याच्यावर माझ्याकडे तीन गोष्टी आहेत.

सोमवारची तयारी चारच्या आधी उरकून टाका, कपडे, डबा-बाटली, बॅग, मुलांचं दप्तर. वीस मिनिटांचं काम असतं पण रात्री दहाला केलं तर अख्खी संध्याकाळ ते मानेवर बसतं.

चहा-कॉफीचा शेवटचा कप दुपारीच. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पाचला प्यायलात तर दहाला अर्धा कप अजून आत आहे, आणि मग अंथरुणात पडून तुम्हाला वाटतं टेन्शनने झोप येत नाहीये.

तिसरं, सगळ्यात आवडीची गोष्ट रविवारी संध्याकाळसाठी राखून ठेवा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ मधला थंड पाण्याचा प्रयोग आहे. लोकांना एकदा १४ अंशांच्या पाण्यात मिनिटभर हात घालायला लावला, आणि एकदा तेच मिनिट अधिक अजून अर्धा मिनिट ज्यात पाणी हळूच एका अंशाने कोमट केलं. परत कुठलं करणार विचारलं तर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं, कारण शेवट जरा बरा होता. वीकेंडचंही तसंच, शेवट इस्त्री करण्यात आणि उद्याच्या मीटिंगची धास्ती घेण्यात गेला तर आधीचा छान शनिवार पण आठवणीत काळवंडतो. आम्ही लांबचं फोनवर बोलणं, पत्ते, गच्चीवर जाणं हे सगळं रविवारी सातनंतर ठेवतो.

ज्यांची सुट्टी मंगळवार-बुधवारी असते, शिफ्टवाले, दुकानवाले, हॉस्पिटलमधले, त्यांनी फक्त वारांची नावं बदला. तुमची अडचण वेगळी आहे, सगळे कामावर असताना तुम्ही घरी, त्यामुळे माणसांची गोष्ट अवघड पण बाहेरची गोष्ट फार सोपी, बागेत चिटपाखरू नसतं. एकच सुट्टी असेल तर तीनऐवजी एक गोष्ट आणि दुपारची झोप. झोप सोडू नका.

मी रविवारी रात्री जेवण झाल्यावर वाळलेलं पेन जोडतो, शाई भरतो, एका रद्दी कागदावर दोन रेघोट्या मारून बघतो नीट चालतंय का. सोमवारी साडेनऊला ड्रॉवरमधला कागद काढून तिसऱ्या कोष्टकासमोर त्याच पेनने टिक करायची असते.